भाऊसिंगाचं समन्स

गुलाम नबी बेलीफ मानोऱ्याजवळच्या तांड्यात शिरला, की भाऊसिंगाला हमखास परगावी काम निघायचं. एकदा तो बहिणीकडे गेलेला असे, एकदा बाजाराला, एकदा तर म्हणे देवाला. बांधावरच्या मोहाच्या झाडावरून जानराव पाटलानं त्याच्यावर वाशिमच्या कोर्टात दावा लावला होता, आणि त्याचं समन्स गुलाम नबीच्या पिशवीत जाऊन-येऊन पार मऊ पडलं होतं.

समन्स द्यायचं ते ज्याचं त्याच्या हाती. तो नाहीच भेटला, तर त्याच्या घरात राहणाऱ्या एखाद्या जाणत्या पुरुषाच्या हाती. बाईच्या हाती दिलेलं कोर्ट मानत नसे. दाराला चिकटवायचीही सोय होती, पण मागच्या खेपेला गुलाम नबीनं ज्वारीच्या पिठाची खळ हात सैल सोडून लावली आणि शेळीनं खळीसकट कोर्टाचा हुकूम फस्त केला. ही हकीकत त्यानं इमानदारीनं अहवालात लिहिली, तिथंच त्याचं चुकलं.

मुन्सफसाहेब भडकले. "या खेपेला समन्स हातोहात दे. नाही तर बिल्ला टेबलावर ठेव आणि घरी बस."

घरी बसणं म्हणजे मोठा भाऊ वहाब याच्या गाद्यांच्या दुकानात कापूस पिंजत बसणं. गुलाम नबीला ते नुसतं आठवूनच शिंका यायच्या. आणि बिल्ला तर त्याचा जीव की प्राण! रिसोडला सासुरवाडीला जातानाही तो छातीवर लावायचा. सासरा उठून उभा राहायचा तो जावयासाठी की बिल्ल्यासाठी, हे त्यानं कधी विचारलं नाही.

तो तांड्यात पोचला तेव्हा भाऊसिंगाची बायको हिरीबाई अंगणात तूर पाखडत होती. समोर निंबाच्या पारावर चार माणसं बसली होती.

"भाऊसिंग कोन?" गुलाम नबीनं पाराकडे बघून विचारलं.

चौघांनी एकमेकांकडे असं बघितलं, जणू हे नाव आजच पहिल्यांदा ऐकलं.

"गावाले गेले," हिरीबाई म्हणाली. "तुमी काहून एवढ्या उन्हाचं येता, बेलीफभाऊ?"

भाऊसिंगाचं तोंड गुलाम नबीनं जन्मात पाहिलं नव्हतं. या चौघांतच तो मिशीत हसत बसला असेल, असं त्याच्या मनानं घेतलं. आणि मग त्याला आपली बायको मेहरबी आठवली. लग्न झाल्यापासून तिनं एकदाही त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. 'अजी' म्हटलं की त्यानं ओ द्यायची. गुलाम नबी स्वतःच्याच हुशारीवर खूश झाला.

"बाई, हे पारावरचे कोन कोन हायेत? मले साक्षीदार पायजे."

"तो हेमसिंग," हिरीबाई म्हणाली. "तो किसनसिंग. तो गोपीचंद."

"अन् हे, मोठ्या मिशीवाले?"

हिरीबाईनं पदर हनुवटीपर्यंत ओढला, पाठ फिरवली आणि जोरजोरात तूर पाखडायला लागली.

गुलाम नबीला आणखी काय पाहिजे होतं? तो उड्या मारतच पारावर गेला आणि मिशीवाल्याच्या हातात कागद कोंबून म्हणाला, "घ्या भाऊसिंग! लय हिंडवलं तुमी मले!"

सगळा पार खदखदून हसला. हेमसिंगाच्या तर डोळ्यांत पाणी आलं. "अरे बावा, हा दौलतसिंग! भाऊसिंगचा मोठा भाऊ. जेठाचं नाव बाई घेईन कशी?"

गुलाम नबीचं तोंड पाहण्यासारखं झालं. त्याच्या घरी मेहरबी दिवसभर 'वहाबभाई, वहाबभाई' करायची. जेठाचं नावही नवऱ्याच्या नावासारखंच गिळायचं असतं, हे त्या गरिबाला कुठून ठाऊक? कापसाच्या विचारानं त्याचं नाक हुळहुळायला लागलं. पण तेवढ्यात त्याला घरातला जाणता पुरुष आठवला.

"दौलतसिंगभाऊ, तुमी दोघं भाऊ एकाच घरात राह्यता ना?"

दौलतसिंग तोंड उघडणार तोच हिरीबाई ओरडली, "येगळे हायेत! कवाचे येगळे! चूल येगळी, सारं येगळं!"

हसणं बंद झालं. आईबाप गेल्यावर दौलतसिंगानं भाऊसिंगाला अंगाखांद्यावर वाढवलं होतं, हे तांड्यात सगळ्यांना माहीत होतं. आज सकाळच्या भाकरीही दोघांनी एकाच चुलीवरच्या खाल्ल्या होत्या. आता खरं बोलावं तर समन्स भावाला लागू, आणि खोटं बोलावं तर तांड्यादेखत भाऊ वेगळा. दौलतसिंगानं मान खाली घातली. म्हातारपणाकडे झुकलेल्या त्या माणसाला पुढचे दोन शब्द जड गेले, हे गुलाम नबीलाही दिसलं.

"बाई म्हनते तं... असन येगळे," असं म्हणून त्यानं कागद परत पुढे केला.

"येगळे कोन म्हनते?"

आवाज ओसरीवरच्या कणगीतून आला. झाकण उडालं आणि डोक्यावर तुरीचा भुसा घेऊन एक धिप्पाड माणूस बाहेर पडला.

"दादा, तू कायले हो म्हनलं? अन् तू वं, तुह्या तोंडाले काही हाय का नाही?"

"तुमच्यासाठीच तं म्हनलं!" हिरीबाई म्हणाली.

"अशा वाचण्याले आग लागो!"

"तुमचं नाव काय?" गुलाम नबीनं हळूच विचारलं.

"भाऊसिंग! याचा सख्खा भाऊ भाऊसिंग! एका चुलीवर खातो, अन् मरेपर्यंत खाईन!"

गुलाम नबीनं दौलतसिंगाच्या हातातला कागद अलगद काढून भाऊसिंगाच्या हातात ठेवला. भाऊसिंगानं कागदाकडे बघितलं, मग बिल्ल्याकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला. पण दौलतसिंगाच्या चेहऱ्यावर जे हसू आलं होतं, ते काही केल्या मिशीत मावेना.

"जाऊ दे रे," तो म्हणाला. "दोघंही जाऊ वाशिमले."

गुलाम नबीनं शाईची डबी उघडली. "चला, अंगठा द्या."

भाऊसिंगानं हात मागे घेतला. "आधी दादाचा. आमच्या घरात मोठ्याच्या आधी धाकटा हात लावत नाही."

समन्स एकाचंच होतं. गुलाम नबीनं दोघांचेही अंगठे घेतले.