शेपटीवरचा डाग

झियादच्या मुलीचं, अल्मासाचं, लग्न झालं ते दोन हजार आठ साल. लग्न मे महिन्यात होतं, पण घरातली गडबड जानेवारीतच सुरू झाली होती. त्या गडबडीला कंटाळून दोन फेब्रुवारीला सकाळी तो आणि त्याचे सासरे हिल्मो ऊना नदीवर गेले. गळाची काठी हिल्मोंची. झियाद नदीचा राखणदार, म्हणून सोबतीला आणि लक्ष ठेवायलाही.

थंडी उणे नऊ. दहाच्या सुमाराला काठी वाकली.

"खडकात अडकली, बाबा."

"खडक चालतो होय रे?" म्हातारा ओरडला.

पाण्यावर तांबूस पाठ दिसली. मीटरभर लांबीची म्लादित्सा, थंड पाण्यातला मोठा शिकारी मासा. बंधाऱ्यापासून पुलापर्यंतच्या पाण्यात अंडी घालणारी एवढी एकच मोठी मादी उरली होती. पोट भरलेलं. एप्रिलमध्ये ती वाळूखड्यांत अंडी घालेल, या आशेवर सगळी नदी होती.

"लवकर आणा. फार दमली तर संपली."

"तू लग्नाचं बघ, जावईबापू. मासा मी बघतो."

पंचवीस मिनिटं लागली. मादी उथळ पाण्यात आली तेव्हा कुशीवर कलली होती.

"एकदा छातीशी धरू दे. तुझ्या सासूला, सुरैयाला, फोटो दाखवायचाय. अकरा हिवाळे म्हणतेय, तू नदीवर झोपायला जातोस."

"पाण्याबाहेर नाही. या थंडीत तिचे कल्ले गोठतील."

"एक मिनिट!"

"अर्धंही नाही."

"सासऱ्याचा मान ठेवायची हीच पद्धत का रे तुमच्यात?" म्हातारा पुटपुटला, पण हात मागे घेतला.

झियादने पाण्यातच चिमट्याने आकडा सोडवला. तेवढ्यात मादीने एक झटका दिला आणि ती उलटी होऊन खोल पाण्याकडे घसरू लागली. तिथे गेली असती तर पुन्हा सरळ झाली नसती. झियाद कंबरभर पाण्यात झेपावला, शेपटीचं बूड घट्ट पकडलं आणि तोंड प्रवाहाकडे वळवलं. दुसरा हात पोटाखाली, हलका. ढकलायचं नाही, ओढायचं नाही, नुसतं धरायचं.

"हलतेय का?"

"बोलू नका."

कल्ले एकदा उघडले. मग बराच वेळ नाही. पाय बधिर झाले, दात वाजायला लागले. काठावर हिल्मो काही तरी म्हणत होते, बहुधा दुआ. पुन्हा उघडले. मग दोनदा, तीनदा, लयीत. वीस मिनिटांनी शेपटीने त्याच्या मुठीत जोर केला. त्याने मूठ सोडली आणि ती गेली.

"गेली! गेली!" म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "वाचवलीस बघ!"

पण जाताना तिच्या शेपटीवर वीतभर फिकट पट्टा दिसला होता. झियादने उजव्या हाताकडे पाहिलं. लोकरीचा हातमोजा. सकाळी बोटं दुखली म्हणून चढवलेला, आणि झेप घेताना काढायचा राहून गेलेला. लोकर चिकट लेपाने भरून गेली होती. माशाच्या अंगावरचा हाच लेप त्याला रोगापासून राखतो. मासा धरायचा तो ओल्या, उघड्या हातांनी, हे गेली सोळा वर्षं तोच सगळ्यांना दटावून सांगत होता. याच चुकीसाठी मागच्या वर्षी त्याने एकाचा परवाना काढून घेतला होता.

त्याने हात खिशात घातला.

त्यानंतर तो रोज काठाकाठाने फिरला. आठव्या दिवशी ती पुलाखाली दिसली, संथ. शेपटीवर कापसासारखी बुरशी. बाराव्या दिवशी बुरशी पाठीपर्यंत चढली होती. जाळ्याने धरून औषध लावावं, असं मनात आलं. पण पुन्हा हात लावायची त्याची हिंमत झाली नाही.

अठराव्या दिवशी तो सासऱ्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला.

"बाबा, माझ्या हातात मोजा होता."

हिल्मोंनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "मी पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तूच बोलू नका म्हणालास."

झियाद उठला आणि मासेमारी समितीकडे जाऊन त्याने राखणदाराचा बिल्ला परत केला.

मादी त्याच सकाळी, वीस फेब्रुवारीला, बंधाऱ्यापाशी मेली. अंडी पोटातच होती.