वाऱ्याच्या माथी मारलेला गोल

बाल्देल्लीचा फोन आला तेव्हा मी वाटाणे सोलत होतो. त्याचं बोलणं ऐकता ऐकता अर्धे वाटाणे जमिनीवर गेले. क्लबला शंभर वर्षं होतायत म्हणे. रविवारी दुपारी जेवण, महापौर येणार, पाद्रीबुवा येणार, आणि माझ्या त्या गोलची संगमरवरी पाटी लावणार. ‘एक्याऐंशी मीटर, गार्बिनो वाऱ्याच्या साथीनं’ असं त्यावर कोरून तयार आहे. वर हसत हसत विचारतो, पोर्तोवेर्नोच्या एल्पिदिओलाही बोलावू का, दोघा म्हाताऱ्यांना शेजारी बसवू, लोकांची तेवढीच करमणूक. मी फोन आपटला.

सतरा वर्षं कास्तेल्फोस्कोच्या गोलात उभा राहिलो मी. चारशे बारा सामने. दोन्ही हातांची मिळून सहा बोटं मोडली, डाव्या करंगळीनं आजही शर्टाचं बटण लागत नाही. एका डिसेंबरात ताप अंगात असताना एकाच सामन्यात दोन पेनल्ट्या अडवल्या होत्या. विचारा गावात कोणाला आठवतं का ते. गोलकीपरनं काय वाचवलं ते कोणी लक्षात ठेवत नाही, काय सुटलं तेवढं ठेवतात. आणि माझ्या बाबतीत तेही नाही. माझ्या नावावर काय, तर पायानं मारलेला एक चेंडू, आणि त्याची गोष्टही खोटी.

गोल खरा होता, गोष्ट खोटी. पस्तीस वर्षं माझ्यासकट सगळ्या गावानं तो गोल वाऱ्याच्या माथी मारलाय. ऐका आता.

एकोणीसशे चौऱ्याऐंशीचा जून, तिसऱ्या श्रेणीतला शेवटचा रविवार. आम्ही पोर्तोवेर्नोला, त्यांच्या मैदानावर. दोघांनाही श्रेणी टिकवायला एकेक गुण हवा होता. बरोबरी झाली की दोघंही तरले आणि डोंगरातला तिसरा एक संघ बुडाला. आमच्याकडे असल्या सामन्याला बिस्किट म्हणतात. दोघांनी अर्धं अर्धं खायचं आणि तिसऱ्याला उपाशी ठेवायचं.

असलं काही कोणी ठरवत नाही, हेच तर त्यातलं कसब. मैदानावर जायच्या बोळात आमचा कप्तान बाल्देल्ली त्यांच्या कप्तानाशेजारी उभा होता. त्यानं विचारलं, मुलं कशी आहेत. तो म्हणाला, बरी आहेत, उन्हाळा फार लवकर आला यंदा. बाल्देल्ली म्हणाला, हो ना, असल्या उन्हात धावपळ बाधते. झालं, संपला करार. कोणाला एक शब्द सांगावा लागला नाही, इतके आम्ही सगळे त्यात मुरलेले होतो. मीही मुरलेलो होतो, उगाच सोवळं कशाला नेसू.

सामना सुरू झाला आणि दोन्ही संघ चेंडू असा फिरवायला लागले की बघणाऱ्याला लाज यावी. आडवा पास, मागे पास, पुन्हा आडवा. लोकांनी आधी शिट्ट्या मारल्या, मग तेही समजले आणि त्यांनी खायचे डबे उघडले. पलीकडच्या गोलात एल्पिदिओ होता. आम्ही दोघांनी सक्तीची लष्करी नोकरी एकाच बराकीत केली होती, हातमोज्यांचा एकच जोड आलटून पालटून वापरला होता. उत्तरार्धात तर त्यानं गोल सोडूनच दिला. मैदानाच्या मध्यापर्यंत चालत आला आणि कठड्याशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोशी, इओलेशी, गप्पा मारायला लागला. हसत होता. मला हात करून दाखवला.

माझं डोकं फिरलं. कशानं फिरलं ते आजही नीट सांगता येणार नाही. गार्बिनो सुटला की आमच्या किनाऱ्यावर माणसं तशीही बिथरतात, बायका भांडी आपटतात, पण सगळं त्याच्यावर ढकलणार नाही. सत्त्याऐंशी मिनिटं मी खांबासारखा उभा होतो. आमच्याच माणसांनी मागे दिलेला चेंडू उचलायचा आणि परत द्यायचा. पोस्टात शिक्के मारणाऱ्या माणसाला याहून जास्त काम असतं. चेंडू पुन्हा माझ्या हातात आला. एल्पिदिओ कुठे उभा आहे ते मला स्वच्छ दिसत होतं. मनात म्हटलं, पळ लेका, आज एकानं तरी पळायला पाहिजे. आणि होता नव्हता तेवढा जोर लावून लाथ घातली.

वारा पाठीमागून होता. चेंडू एल्पिदिओच्या डोक्यावरून गेला, पेनल्टीच्या ठिपक्याजवळ टप्पा खाल्ला आणि जाळीत. एल्पिदिओ धावला, अगदी जीव तोडून धावला, पण तीस मीटर मागे होता. माझ्याच संघातला एक माणूस मिठी मारायला आला नाही. बाल्देल्ली धावत आला तो शिव्या देत, गाढवा, हे काय करून बसलास म्हणून.

तीन मिनिटं उरली होती आणि बरोबरी करायला ती पुरेशी होती. त्यांनी चेंडू मध्यातून सुरू केला, आमची बचावफळी दाराचे पडदे बाजूला करावेत तशी सरकली आणि त्यांचा पुढचा खेळाडू एकटा माझ्यासमोर आला. मी फक्त उभं राहायचं होतं. उजवीकडे पडलो असतो तरी चाललं असतं. त्यानं चेंडू हळूच, कुत्र्यापुढे पाव टाकावा तसा, माझ्या डावीकडे ढकलला. आणि मी तो अडवला. अडवला म्हणजे झेप घेऊन, छातीशी धरून, जमिनीवर पालथा पडून. रेफरीनं शिट्टी मारली तरी मी उठलो नव्हतो.

पोर्तोवेर्नो खालच्या श्रेणीत गेलं, डोंगरातला संघ वाचला. आमच्या बसमध्ये माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. इथपर्यंत ठीक होतं, इथपर्यंतचं मी सोसलं असतं.

मग चौकशी समिती बसली. गोलकीपर गोल सोडून अर्ध्या मैदानात काय करत होता, हा पहिला प्रश्न. एल्पिदिओनं खरं सांगितलं असतं, की साहेब, सामना आधीच मेलेला होता, तर बावीसच्या बावीस खेळाडू गेले असते. त्यानं सांगितलं नाही. म्हणाला, चूक झाली. त्याला वाटलं, दुसरे कोणीतरी बोलतील. त्याच्या संघातले मूग गिळून बसले. मग समितीनं मला बोलावलं. गळ्याशी टाय आवळलेला एक माणूस होता, कागदावरून नजर न उचलता त्यानं विचारलं, दोन संघांत काही समजूत होती का. बाहेर बाकड्यावर बाल्देल्ली बसला होता, त्याच्या बुटांचा आवाज येत होता.

मी म्हणालो, “नाही. वारा होता.”

एवढंच बोललो. पण समजूत नव्हती म्हटल्यावर एल्पिदिओ तिथे उभा राहायला कारण एकच उरलं, त्याला कोणीतरी विकत घेतलं होतं. तीन वर्षांची बंदी. वय एकतीस. तीन वर्षांनी कोणता क्लब त्याला दारात उभा करणार होता? पोर्तोवेर्नोत त्याच्या घरापासून मैदान चारशे पावलांवर आहे, पण तो माणूस नंतर कधी तिथे पाय ठेवू शकला नाही. विकला गेलेला, असंच त्याला गावात म्हणतात, अजून म्हणतात. मी पुढे तीन वर्षं खेळलो. पहिली काही वर्षं आमच्या गावात त्या गोलबद्दल कोणी बोलायचं नाही. मग लाज झडून गेली आणि कौतुक उगवलं. आता शाळेतली पोरंही मला बघून चेंडू उडाल्याचे हातवारे करतात. असा संताप येतो, काय सांगू.

तर रविवारी मी गेलो. दिना, माझी बायको, म्हणाली, जाऊ नकोस, तुझं तोंड तुझ्या ताब्यात राहत नाही. तिला म्हटलं, पस्तीस वर्षं ताब्यात ठेवलंय तेच चुकलं.

क्लबच्या व्यायामशाळेत टेबलं मांडली होती. दोनशे माणसं, थरांचा भाजलेला पास्ता, पांढरी वाइन. बाल्देल्ली आता क्लबचा अध्यक्ष आहे, पोट सुटलंय, गळ्यात क्लबचा मफलर, जूनमध्ये. त्यानं पडद्यावर त्या सामन्याची जुनी फिल्म लावली. माझी लाथ, चेंडू हवेत, एल्पिदिओ उलटा धावतोय, अडखळतोय. त्यावर हशा पिकला. माणसं टेबलावर हात आपटून हसत होती. एक माणूस आयुष्यातून उठला ते ही मंडळी पास्ता खात बघत होती. आणि चेंडू जाळीत गेल्या गेल्या फिल्म संपवली होती. पुढची तीन मिनिटं कापली होती. कापणाऱ्याला नक्की ठाऊक होतं की काय कापायचं.

बाल्देल्लीनं माझ्या हातात माइक दिला. मी सगळं सांगितलं. बोळातलं बोलणं, मुलं कशी आहेत इथपासून. बाल्देल्लीचं नाव घेतलं, माझं घेतलं, समितीपुढे मी खोटं बोललो तेही सांगितलं. एल्पिदिओनं कोणाकडून काही घेतलं नव्हतं, तो फक्त आमच्यासारखाच नालायकपणे खेळत होता, आणि बावीस जणांची शिक्षा त्यानं एकट्यानं भोगली. एवढ्यात माइक बंद झाला. बाल्देल्ली सगळ्यांना सांगायला लागला, सेत्तिमिओला वाइन चढलीय. अरे, मी पाण्याचा ग्लास घेऊन बसलो होतो. आणि गोलकीपरला माइक कशाला लागतो? सतरा वर्षं पन्नास मीटरवरच्या माणसाला ओरडून जागा दाखवलीय मी. तसाच बिनमाइकचा बोललो, शेवटच्या टेबलापर्यंत.

पाद्रीबुवा ताटात बघत होते. महापौर म्हणाले की एवढ्या जुन्या गोष्टी उकरून आता कोणाचं भलं होणार आहे. एकजण म्हणाला, पाटीचं काय करायचं मग. मी म्हटलं, तुझ्या संडासात लाव. दोघातिघांनी मला धरून बाहेर नेलं, पण तोवर कोणीतरी फोनवर सगळं टिपलं होतं आणि संध्याकाळपर्यंत ते पोर्तोवेर्नोत पोचलं.

सोमवारी सकाळी मी बस धरली. सतरा किलोमीटर फक्त, आणि पस्तीस वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. इओलेनं दार उघडलं. तिनं मला बसही म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही, नुसता अंगणाकडे हात केला. एल्पिदिओ तिथे मासेमारीचं जाळं दुरुस्त करत होता. केस सगळे गेलेत. हात मात्र तसेच, रुंद.

त्यानं ते फोनवरचं बघितलंय, असं तो म्हणाला. सकाळी बारमध्ये गेला तेव्हा त्याच्या कॉफीला पहिल्यांदाच दोन-तीन जण सोबतीला उभे राहिले, हेही सांगितलं. मला वाटलं, मिटलं. माफी मागायला तोंड उघडलं तर त्यानं हात वर केला.

“वाऱ्याचं सोड,” तो म्हणाला. “मला फक्त एक सांग. तो शेवटचा चेंडू का अडवलास?”

हा प्रश्न मला समितीनं विचारला नव्हता, दिनानं विचारला नव्हता, मी स्वतःलाही विचारला नव्हता. हात आपोआप गेले, असं सांगता आलं असतं. सवय, असं म्हणता आलं असतं. पण या माणसाशी आणखी एक खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही.

“अपमान वाटला,” मी म्हणालो. “तुमच्या माणसानं किती हळू मारला होता, बघितलं होतंस ना? मला, असा चेंडू? मला तुझा विचार आला नाही, एल्पिदिओ. कोणाचाच आला नाही. राग आला आणि अडवला.”

त्यानं जाळ्याची गाठ ओढून घट्ट केली. इओले दारात उभी होती. मग त्यानं सुई खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

“मीही अडवला असता,” तो म्हणाला. “तसला चेंडू कुठलाही गोलकीपर अडवतो. त्याबद्दल मी तुझ्यावर एक दिवससुद्धा रागावलो नाही.” मग उठून त्यानं अंगणाचं फाटक उघडलं आणि मी बाहेर पडेपर्यंत ते धरून ठेवलं. “पण माझ्या जागी तू अडकला असतास, तर मी त्या समितीपुढे खरं बोललो असतो, सेत्तिमिओ. तुझ्यासाठी बोललो असतो.”