टाळूची चावी

पुनमच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट पडली, त्या दिवशी ती आरशासमोरून हलायला तयार नव्हती. चौदा वर्षांची पोरगी, आजवर आरसा चुकवत आलेली. वरचा जबडा अरुंद, दात एकमेकांच्या अंगावर चढलेले, घास चावताना हनुवटी एका बाजूला सरकायची. झोपेत तोंड उघडं राहायचं ते वेगळंच. शाळेत हसायची तीसुद्धा ओढणी तोंडावर धरून. नांदेडच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या टाळूला एक बारीक स्क्रू बसवला होता. घरी रोज संध्याकाळी त्याला एकदा चावी द्यायची, म्हणजे जबडा हळूहळू रुंद होईल. पुढच्या दातांत फट पडली की समजायचं, हाड सरकलं. काम झालं की ती फट आपोआप बुजते. मात्र हे वय गेलं की हाड आवळून बसतं, मग ऑपरेशनशिवाय इलाज नाही, असं बाईंनी बजावून सांगितलं होतं.

म्हणून मुखेडातली सगळी गल्ली हसली तरी पुनमचा त्या फटीवर जीव होता.

चावी द्यायचं काम आईचं. मोठ्या भावाचा, रुद्रेशचा, हात थरथरायचा आणि वडिलांना चष्मा लावूनही ते भोक दिसायचं नाही. शिवकांताबाई भाकऱ्या उरकून ओसरीत बसायच्या. पुनम त्यांच्या मांडीवर डोकं टेकायची, तोंड उघडायची आणि डोळे मिटून घ्यायची. मग आई चावी भोकात घालून घशाकडे लोटायची आणि तिथूनच खाली काढून घ्यायची. काढताना ती पुढे ओढली गेली तर फिरवलेलं सगळं फुकट. नीट फिरली की दातांपासून नाकाच्या मुळापर्यंत ताण चढायचा आणि पुनम आईचा पदर मुठीत घट्ट धरायची. दुखायचं, पण आईच्या हातचं दुखणं कोणाला जड जातं?

त्यात रुद्रेशच्या लग्नाचं निघालं. पोरगा निर्व्यसनी, कामाला वाघ, पण शेती करणारा. आणि शेती करणाऱ्या पोराला हल्ली पोरगी मिळणं म्हणजे उंबराचं फूल दिसणं. चांगली चांगली स्थळं चहा पिऊन, मान डोलावून निघून गेली होती. शेवटी अहमदपूरचे पाहुणे घर बघायला यायचं ठरलं. शिवकांताबाईंनी पदर खोचला. भिंतींना रंग दिला, न्हाणीला फरशी बसवली, म्हशी मागच्या शेडात नेल्या. घरात नाव ठेवायला जागा म्हणून ठेवली नाही. तेवढ्यात शेजारच्या सरजाबाईंनी काडी टाकलीच. "घर बघाया येणारे घरातली लेकरं बी बघतेत. पुनमच्या दातातली खिंड बघून म्हणतेल, ह्यांच्या रक्तातच हाय."

त्या संध्याकाळपासून ताण चढेनासा झाला. पुनमने विचारलं, तेव्हा आई म्हणाली की तुला आता सवय झाली. मग फट बारीक होत चालली. पुनमचा जीव खालीवर होऊ लागला.

"माय, फट बुजून राहिली."

"गुण येऊन राहिला," शिवकांताबाई म्हणाल्या. "बाई म्हणल्या न्हवत्या का, आपसूक बुजती म्हणून?"

पुनमला पटलं. आईने सांगितलं आणि तिला पटलं नाही, असं कधी झालंच नव्हतं.

पाहुणे आले. पोहे खाल्ले, लातूरला फ्लॅट घेणार का विचारलं, पोरगा नोकरीचं बघणार का विचारलं. पुनमच्या तोंडाकडे एकानेही ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी नांदेडची तारीख होती. मायलेकी एसटीत बसल्या आणि वाटेतच नकाराचा फोन आला. शिवकांताबाई उरलेला सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत राहिल्या.

डॉक्टरीणबाईंनी दिवा ओढून टाळू पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. स्क्रू पाहिजे तेवढा उघडलेलाच नाही, जबडा पुन्हा आवळत चाललाय, असं त्या म्हणाल्या. चावी रोज देता ना, असं त्यांनी विचारलं.

"मी तर रोज देते," शिवकांताबाई म्हणाल्या. "हीच वळवळ करती. तोंड नीट उघडत न्हाई."

मग बाईंनी पुनमला चांगलंच झापलं. एवढी मोठी झालीस, स्वतःच्या भल्याचं कळत नाही का, अशाने ऑपरेशनवर जाईल. बोलता बोलता त्यांनी स्वतःच चावी घातली आणि फिरवली.

ताण चढला. दातांपासून नाकाच्या मुळापर्यंत, अगदी तसाच. सवय कुठली नि काय? इतक्या दिवसांत चावी फिरलीच नव्हती, हे पुनमला त्या खुर्चीत पडल्या पडल्या कळलं. तिने मान वळवून आईकडे पाहिलं. आई पंख्याकडे बघत होती. पुनमच्या डोळ्यांना धार लागली आणि बाईंना वाटलं, दुखलं असेल. त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं.

बसस्टँडवर मुखेडच्या गाडीची वाट बघताना पुनमने विचारलं, "चावी पुढं वढून काढत होतीस न्हवं?"

शिवकांताबाईंनी पिशवीचे बंद नीट केले. "पाव्हणे येऊन जाईपर्यंतच, बाई. म्हणलं, रुद्रेशचं जुळू दे, मंग तुझं बघू."

"ते जाऊ दे. बाईंपुढं माझं नाव का घेतलंस?"

शिवकांताबाई उठल्या आणि उसाचा रस घेऊन आल्या. बर्फ विरघळला, गाडी लागली, तरी पुनमने गिलासाला तोंड लावलं नाही. भावासाठी म्हणून सांगून फट बुजवली असती तर तिने हसून बुजवू दिली असती. विचारायचं तरी होतं, एवढंच तिच्या मनात घोळत राहिलं.

संध्याकाळी भाकऱ्या उरकल्या. आईने हाक मारली नाही, नुसतीच ओसरीत येऊन बसली. पुनम भिंतीवरचा आरसा काढून घेऊन आली. त्याच मांडीवर डोकं टेकणं भाग होतं, ते तिने टेकलं. तोंड उघडलं, आरसा वर धरला आणि डोळे उघडे ठेवले. चावी मागे गेली, खाली निघाली, ताण चढला. पुनमने पदर धरला नाही.

"उद्या बी बघणार हाय मी," ती उठत म्हणाली.

शिवकांताबाई खाली बघूनच मान हलवत "हाव" म्हणाल्या.