खालच्या मजल्यावरची तालीम

कोलोनला मुलाकडे येऊन मोहनरावांना तीनच आठवडे झाले होते, आणि तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने त्यांना पुरतं नादी लावलं. तो रोज अकराला बाल्कनीत उभा राहून मोठ्याने बोलायचा. दुसऱ्याच्या बाल्कनीकडे कान लावू नयेत हे मोहनरावांना ठाऊक होतं, पण राहवेल तर ना. जर्मनचा एक शब्द कळत नसूनही ही तालीम आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी ताडलं. बँकेची नोकरी सांभाळून बत्तीस वर्षं त्यांनी पुण्यात हौशी नाटकांचं प्रॉम्प्टिंग केलं होतं.

"हा माणूस अडकतो गं," ते सुनेला म्हणाले.

"बाबा, ते लाम्पर्ट," ईप्सिता म्हणाली. "आधी नाटकात होते, मग अठरा वर्षं टीव्हीवर इन्स्पेक्टर. आता सिरियल बंद झाली आणि थिएटरमध्ये परत मोठा रोल मिळालाय."

दुसऱ्या दिवशी चिवड्याचा डबा आणि दुभाषी म्हणून सून घेऊन मोहनराव खाली हजर. लाम्पर्टनी दोघांना बसवलं आणि सरळच सांगून टाकलं की दोन वाजता थिएटरला फोन करून ते भूमिका सोडणार आहेत. पाठांतर राहत नाही. त्यांचे वडील सत्तरीत पोटच्या पोरांना ओळखेनासे झाले होते, आणि ते स्वतः आता अडुसष्टचे.

मोहनराव सुनेकडे वळले. "एकदा म्हणून दाखवा म्हणावं."

लाम्पर्ट बोलू लागले. आवाज खणखणीत. दहा-बारा वाक्यं झाली आणि ते थांबले, हनुवटी किंचित वर, नजर उजवीकडे. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेवढ्यावरच थांबले, पुन्हा उजवीकडे.

"ईप्सिता, विचार बरं, शूटिंगला उजव्या हाताला कोण बसायचं?"

"डिरेक्टर, म्हणतात."

"मग सांग त्यांना. विसरलेल्या नटाची नजर खाली जाते, चपला शोधत असल्यासारखी. यांची जात नाही. हे विसरत नाहीत, कोणीतरी 'कट' म्हणेल म्हणून थांबतात."

ईप्सिताने सांगितलं. लाम्पर्टनी वळून उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग पुटपुटले, "गेनाऊ, अगदी बरोबर. दहा-बारा वाक्यांचाच एक शॉट असायचा."

मोहनरावांनी खुर्ची उचलून त्यांच्या उजव्या हाताला ठेवली आणि तिच्यात ठाण मांडलं. लाम्पर्टची नजर वळली की ते नुसता हात हलवायचे, चालू द्या. चार वेळा हात हलवावा लागला. पाचव्यांदा लाम्पर्टनी वळून पाहिलंच नाही आणि चार पानांचं स्वगत एका दमात शेवटाला नेलं.

दोन वाजून गेले तरी फोनला कोणी हात लावला नव्हता. लाम्पर्ट खाली बसले, तोंड ओंजळीत धरून काहीतरी बोलले. मोहनरावांनी सुनेकडे पाहिलं.

"काय म्हणाले गं?"

"म्हणाले, गेले सहा महिने रोज सकाळी उठलो की आधी मुलांची नावं म्हणून बघत होतो."