साठ रविवारांची पोथी

मी एक जुना देव आहे, मित्रांनो. निवृत्त देव म्हणा हवं तर. जन्माने मी इंग्रजी-मराठी शब्दकोश. मुंबईच्या एका छापखान्यात माझी पानं छापली आणि कातड्याच्या पुठ्ठ्यात शिवली. पण मॉरिशस बेटावर, कांप दे मास्कच्या उसाच्या मळ्यात, मला चक्क हळदकुंकू वाहिलं गेलं. ते कसं, ते ऐका. मी थोडं वाढवून सांगेन. पण वाढवलेलं कोणतं तेही सांगेन.

एका दुभाष्याच्या गाठोड्यातून मी शिडाच्या जहाजाने निघालो. वाटेत असं वादळ झालं की माझी पहिली शंभर पानं उडाली आणि एका देवमाशाने ती गिळली. तेव्हापासून तो मासा इंग्रजीत शिंकतो. माएबूर्ग बंदरातल्या कोळ्यांना विचारा. बरं, राहू द्या. ती पानं वाळवीने खाल्ली. पण वाळवीचं नाव काढलं की ऐकायला कोणी बसत नाही!

वर्षभरात पटकीची साथ आली आणि दुभाषी गेला. जाताना त्याने मला लाल फडक्यात गुंडाळून आपल्या जहाजभावाच्या हाती दिलं. एकाच जहाजातून आलेले ते जहाजभाऊ. या बेटावर ते नातं सख्ख्याहून घट्ट. या जहाजभावाचं नाव तुलसीराम. वय पन्नाशीचं, काम मळ्यावरचे बैल सांभाळण्याचं. बाळबोध अक्षरं जुळवून वाचायचा. इंग्रजीचा गंध नव्हता.

रविवारी दुपारी तो मला घेऊन मजुरांच्या कॅम्पात शिरला. लाल फडकं दिसताच बायका उठून उभ्या राहिल्या. गावाकडे लाल फडक्यात दुसरं काय असतं? तुलसीराम तोंड उघडणार, तोवर कुंती नावाच्या खटपटी म्हातारीने माझ्यावर चिमूटभर हळद टाकलीसुद्धा.

"पोथी आली गं बायांनो! बसा. तुलसीराम, वाच आता. नाही म्हणू नको, दोष लागेल."

दुभाष्याने जिथे दोरा घातला होता तिथेच मी उघडलो. ते पान 'कीप' या क्रियापदाचं. माझं लाडकं! दिसायला एवढंसं, पण अर्थांचं बिऱ्हाड असं की दीड पान अडवून बसलेलं. तुलसीरामने बोट ठेवलं.

"राखणे."

बायकांनी कपाळं टेकली.

"पाळणे."

पुन्हा कपाळं. तुलसीरामने खाली पाहिलं, मग वर पाहिलं. ही पोथी नव्हे, हे त्याला कळलं. तो ते सांगणारच होता, एवढ्यात मागून अनुसया बोलली.

ही अनुसया चोवीस-पंचवीस वर्षांची. नवऱ्याबरोबर जहाजातून उतरली तेव्हा तापाने फणफणत होती. ती दवाखान्यात असतानाच बलरामला, तिच्या नवऱ्याला, माएबूर्गकडच्या मळ्यावर धाडलं. बरी झाल्यावर तिला धाडलं इकडे. मळा सोडायचा तर परवाना लागे, आणि तो ना त्याला मिळे, ना तिला. बिनपरवाना वाटेवर सापडलं की तुरुंग. गेल्या हंगामात एक बाई अशीच पकडली गेली होती. तुरुंगातून परत आली ती कंबरेत वाकूनच.

"काका," अनुसया म्हणाली, "ही पोथी पुरी होईतो मी थांबते. पुरी झाली की त्या रात्री निघते. परवाना असो नसो."

"अगं, दोन दिवसांची वाट! शिपाई धरतील," कुंती ओरडली.

"धरू देत."

तुलसीरामने मला पटकन मिटलं. "आज इतकंच. मोठी पोथी आहे. घाई केली तर कोपते. दर रविवारी एक शब्द."

मित्रांनो, तेव्हापासून माझा देव झाला.

माएबूर्गकडून येणाऱ्या गाडीवानाला विचारून तुलसीरामने शोधून काढलं, की बलरामचा मजुरीचा करार सुटून तो इकडे यायला साठ रविवार आहेत. माझ्या 'कीप'पाशी मात्र शब्द उरले होते एकोणतीस. सांभाळणे, पोसणे, जपणे, बाळगणे, टिकवणे... एकेक शब्द तो असा वाचायचा की बायकांना त्यात गोष्ट दिसावी. 'अडवणे' आलं त्या रविवारी अनुसया उठून गेली. 'दडवणे' आलं तेव्हा डाळीचा डबा चोरल्याचा जिच्यावर संशय होता तिच्यावर कुंतीने नजर टाकली आणि हशा पिकला.

एकोणतीस संपत आले तेव्हा त्याने नवी युक्ती काढली. बैल चरत असताना तो माझी सगळी पानं चाळायचा आणि 'राखणे' किंवा 'धरणे' कुठे ओळखीचं दिसतं ते शोधायचा. अशी त्याला माझी दूरची क्रियापदं सापडली: होल्ड, रिटेन, प्रिझर्व्ह. ती 'कीप'ची भाऊबंदच. एकाचं बिऱ्हाड संपलं की तो दुसऱ्याच्या दारात जायचा. माझा ऊर भरून यायचा. छापखान्यातून निघाल्यापासून मला इतकं कोणी वाचलंच नव्हतं.

चौपन्नाव्या रविवारी मळ्याचा कारकून तुलसीरामच्या ओसरीसमोरून चालला होता. फुलं, हळद, मी. तो थांबला.

"की सा सा?" त्याने क्रेओलीत विचारलं, हे काय म्हणून. मला उचलून पाहिलं आणि पोट धरून हसला. "देव? अरे, ही शब्दांची यादी आहे! साहेब लोक अडलं की उघडतात ती!"

कुंतीने माझ्यावरचं फूल परत उचललं. "तोंडावर हळद फासलीस रे आमच्या, तुलसीराम," एवढंच म्हणून ती गेली. मग एकेक करून सगळे गेले.

अनुसया तेवढी बसून राहिली. तुलसीरामची मान वर होईना.

"मला ठाऊक होतं, काका," ती म्हणाली. "पोथीत कथा असते. राजा असतो, राणी असते. हिच्यात नुसतं धरणे, अडवणे."

"मग येत का राहिलीस पोरी?"

"पाय थांबायला काहीतरी हवं होतं. त्यांचा करार सुटायला किती रविवार उरलेत?"

"आजचा धरून सात."

"आणि शब्द?"

"छापलेला एकही नाही."

"मग न छापलेले वाचा."

तुलसीरामने मला उघडलं, पण डोळे मिटले. म्हणाला, "गुरं वळणे."

"हां," अनुसया म्हणाली.

पुढच्या रविवारी तो म्हणाला, "पदराला गाठ मारणे." मग "कणगीत घालणे." मग "कोंबडीनं अंडी उबवणे." यांतला एकही शब्द 'कीप'पाशी नव्हता, मित्रांनो. मी आधी रुसलो. मग लाजलो. मला लिहिणाऱ्या विद्वानांनी कोंबडीला विचारलंच नव्हतं.

साठाव्या रविवारी ऊन कलत असताना एक उन्हाने रापलेला माणूस दारात उभा राहिला. हातात दोघांचा परवाना.

"इथं पोथी चालते म्हणे?" त्याने विचारलं.

"आजच संपली," तुलसीराम म्हणाला. अनुसयाने पदर सावरून शेजारी जागा केली. बलरामने खाली बसून तिचा हात धरला.

जाताना तिने हळदीचं बोट माझ्या पानावर टेकवलं. देव म्हणून नव्हे. ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवावा तसं.

पुढच्या रविवारी तुलसीराम सवयीने ओसरीवर येऊन बसला. एकटाच. मला उघडलं आणि 'कीप'च्या अगदी तळाशी बोट नेलं. तिथला एक अर्थ त्याने वर्षभर वगळला होता. मला वाटायचं, दिसला नसेल.

"मागे राहणे," त्याने वाचलं. आणि मला मिटलं.

तोही आता नाही. मी आढ्यावर, कोयत्यांच्या मुठींशेजारी पडून आहे. खाली मुलं क्रेओलीत भांडतात, क्रेओलीतच समजूत काढतात. छान बोलतात. मी वरून ऐकतो. माझ्यावर हळद नको, फुलंही नकोत. कधी आढ्यावर हात पोचलाच तर मला खाली काढा. धूळ झटका. पिवळा डाग असलेलं पान आपोआप उघडेल. त्याच्या कडेला बोटभर जागा कोरी आहे. तुमची आजी एखादा शब्द बोलत असेल, जो माझ्यात नाही. तो तिथे लिहा, आणि एकदा मोठ्याने वाचून दाखवा. रविवारच हवा असं नाही.