रविवारपर्यंत सांगा

मी एक डीव्हीडी आहे आणि सध्या फासावर आहे. पोटातल्या भोकातून नायलॉनची दोरी ओवलेली, वर दुबईच्या 'बर दुबई' भागातल्या पाचव्या मजल्यावरच्या गॅलरीचा गज, खाली मीना बझारची कापडाची दुकानं. कबुतरं येऊ नयेत म्हणून मला टांगलंय, असं पाहुण्यांना सांगतात. खरं कारण मला ठाऊक आहे आणि या घरातल्या नवरा-बायकोला.

माझा जन्म टोकियोजवळच्या कारखान्यातला. माझ्यात एक जुना, नावाजलेला जपानी चित्रपट भरला. त्यातल्या सरदाराला आपल्याच पहारेकऱ्याच्या बायकोची हाव सुटते. मग नवऱ्याचा हेवा वाटू लागतो आणि तो त्याला सरहद्दीवर मरायला पाठवायचा घाट घालतो. रेशमी वस्त्रं, कागदी दारं, बर्फ. सगळं इतकं देखणं, की त्यातली घाण कुणाला दिसत नाही. लोक त्याला अभिजात म्हणतात. म्हणोत बापडे.

मला विकत घेतलं चंद्रहासने. बांधकाम कंपनीचा एचआर मॅनेजर. कामासाठी टोकियोला गेला आणि कव्हरवरची बाई बघून मला उचललं. इंग्रजी सबटायटल्स आहेत का, एवढंही पाहिलं नाही. नव्हती. हा माणूस शुक्रवारी दुपारी आपल्या हॉलमध्ये 'फिल्म क्लब' चालवायचा आणि सिनेमावर तास तास बोलायचा.

मला वाचवलं शर्वाणीने. तिचा नवरा रणजित चंद्रहासच्याच कंपनीत साइट इंजिनिअर. लग्नाआधी पुण्यात ती जपानीच्या परीक्षा देत होती. टीव्हीशेजारी बसून प्रत्येक वाक्य मराठीत सांगायचं तिने कबूल केलं.

तेवढ्यात २००८ची मंदी आली. क्रेन जागच्या जागी थांबल्या. रणजितचा टॉवर चौदाव्या मजल्यावर अडला. कंपनीत दर रविवारी, आठवड्याच्या पहिल्या दिवशी, यादी लागू लागली. नाव आलं की नोकरी खलास, व्हिसा खलास, महिन्याभरात देश सोडायचा. यादी चंद्रहास करायचा. मग काय, क्लबमधली शिकली-सवरली माणसं त्याला आधी वाढू लागली. त्याच्या शिळ्या विनोदांना मांड्या थोपटून हसू लागली. लाचारीला कॉलेजची डिग्री आडवी येत नाही, हे मी तिथेच पाहिलं.

शोच्या आधीच्या बुधवारी शर्वाणी मला पाहून ठेवायला आली. चंद्रहासची बायको प्रमोदिनी शाळेत शिकवायला गेलेली, हा मुद्दाम रजा टाकून घरी. अर्ध्यावर त्याने मला थांबवलं.

"रणजितचं नाव यादीत आहे," तो म्हणाला. "खोडायला मला एक मिनिट लागेल. मी जबरदस्ती करत नाहीये हं, शर्वाणी. ऑप्शन देतोय. विचार कर, घाई नाही. पण रविवारपर्यंत सांग."

शर्वाणीने पर्स उचलली. "प्रमोदिनीताई शुक्रवारी असतील ना?" एवढंच विचारलं आणि गेली.

शुक्रवारी हॉल भरला. मांडीवर बिर्याणीच्या प्लेट घेऊन मंडळी माझी तारीफ करू लागली. "काय संयम! काय फ्रेम!" चंद्रहास सर्वांत मोठ्याने. रणजितची मुलगी ओवी कंटाळून म्हणाली, "पपा, इट्स सो स्लो," तर तिलाच दटावलं.

मग तो प्रसंग आला. सरदार पहारेकऱ्याच्या बायकोला एकटं गाठतो आणि एकच वाक्य बोलतो, "यंदा बर्फ लवकर पडला." शपथेवर सांगते, माझ्यात एवढंच आहे.

शर्वाणी शांतपणे म्हणाली, "सरदार म्हणतो, यादी माझ्या हातात आहे. तुझ्या नवऱ्याचं नाव खोडायला मला एक मिनिट लागेल. मी जबरदस्ती करत नाही, पर्याय देतोय. विचार कर, घाई नाही. पण रविवारपर्यंत सांग."

"वा!" कुणीतरी म्हणालं.

केटरिंगवाले राजाभाऊ भोळेपणाने बोलून गेले, "वहिनी, त्या काळी जपानात रविवार होता?"

कुणी हसलं नाही. रणजितने प्लेट खाली ठेवली.

चंद्रहास घसा खाकरत म्हणाला, "मूळ डायलॉग बहुतेक असा नाहीये."

"सर, तुम्हाला जपानी येतं?"

त्याने रिमोटकडे हात नेला. प्रमोदिनी मागे भिंतीला टेकून उभी होती. नवऱ्याकडे बघतच ती म्हणाली, "तू सांग गं, शर्वाणी. पुढे ती बाई काय म्हणते?"

"ती म्हणते, नाही."

माझ्यातली बाई त्या प्रसंगात तोंडच उघडत नाही. नुसती खाली बघते, आणि त्यावर जाणकारांनी पानंच्या पानं लिहिलीत.

रविवारी रणजितचं नाव यादीत पहिलं होतं. महिन्याभरात तिघं पुण्याला परतली. निरोपाला गेले फक्त राजाभाऊ आणि प्रमोदिनी. "वा!" म्हणणारे घरी बसले आणि एकमेकांना फोनवर सांगत राहिले, "शर्वाणीने जरा अतीच केलं. घरातल्या घरात मिटलं असतं."

विमानतळावरून येऊन प्रमोदिनीने मला कपाटातून काढलं आणि दोरी ओवली.

"अगं, क्लासिक आहे ती!" चंद्रहास ओरडला.

"म्हणूनच रोज दिसेल अशी लावतेय," ती म्हणाली.

तेव्हापासून मी इथे आहे. कबुतरं मला मुळीच भीत नाहीत, शेजारच्या एसीवर बसून घुमतात. सकाळचा चहा गॅलरीत घेणारा चंद्रहास मात्र आता पडदा ओढून आत बसतो. कितीतरी उन्हाळ्यांनी माझ्यातला सरदार, रेशीम, बर्फ सारं जाळून टाकलं. गेलं ते बरंच झालं. शर्वाणीची ती वाक्यं मुळात माझ्यात नव्हतीच, त्यामुळे ऊन त्यांचं काही करू शकलेलं नाही.

प्रमोदिनीबाई, एकच मागणं आहे. दोरी कुजली तर नवी ओवा.