अठरा फुटांचा उतार

मी नाटकांचे सेट उभारते, चाकाच्या खुर्चीत बसून. धाकटी बहीण ते रंगवते. तिला ऐकू येत नाही. ‘कलेत सर्वांना स्थान’ या चर्चेला आम्हा दोघींना वक्त्या म्हणून बोलावलं, आणि व्यासपीठाला तीन पायऱ्या!

“त्यात काय, चार जण उचलून ठेवतील,” अध्यक्ष म्हणाले.

“चार जणांनी उचलायला मी अजून मेलेली नाही.”

धाकटीने हातांनी विचारलं, काय म्हणतोय? मी हातांनीच सांगितलं. तिने बाह्या सरसावल्या.

मागच्या खोलीत जुन्या सेटच्या फळ्या धूळ खात पडल्या होत्या. अठरा इंच उंची; दर इंचाला एक फूट, म्हणजे अठरा फूट उतार. धाकटी फळ्या धरत गेली, मी स्क्रू पिळत गेले. सभा खोळंबली. खोळंबू दे! तासाभरात मी माझ्या चाकांवर वर पोचले. टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की धाकटीला तो पायांखालच्या फळ्यांतून कळला.

मग अध्यक्ष वर यायला निघाले. पहिल्या पायरीशी थांबले, दुखरा गुडघा चोळला आणि गुपचूप उताराकडे वळले.

मी माइक ओढला. “सावकाश या, साहेब. की चार जण बोलावू?”